यान नंबर सातचा शेवट

सोजराबाई सकाळी आठच्या एस.टी.नं मोताळ्याहून मलकापूरला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन भाकरी होत्या, ठेचा होता, आणि डोक्यात एकच प्रश्न होता. रजनी परत आली की नाही?

रजनी म्हणजे कोणी नात्यातली नव्हे. ती टीव्हीतली. 'यान नंबर सात' नावाच्या मालिकेतली पोरगी, आभाळात कुठल्याशा चंद्रावर एकटी अडकून पडलेली. तेरा रविवार सोजराबाईनं वांग्यांची तोड अर्धी टाकून, शेजारच्या अमीरबीसोबत, गफ्फारच्या सायकल दुकानात बसून ती पाहिली होती. गफ्फार हा अमीरबीचा थोरला. धाकटा मेहबूब तीन वर्षांपूर्वी कुवेतला गेला तो गेलाच, आणि गेल्या आठ महिन्यांत त्याचं एक पत्र नव्हतं.

तेराव्या रविवारी रजनीची लोखंडी कुपी आभाळातून सुटली. समुद्राच्या काठी तिची म्हातारी आई हात कपाळाशी धरून उभी. कुपीची छत्री आता उघडेल, मग उघडेल, असं म्हणेपर्यंत बाहेर वावटळ सुटली आणि लाईट गेले. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर मालिकाही संपली होती आणि दुकानात बसलेल्यांचा जीव तिथंच लटकून राहिला होता.

बाकीचे चार दिवसांत विसरले. अमीरबी विसरेना. तिनं मनाशी एक खूणगाठ बांधून ठेवली होती आणि ती फक्त सोजराबाईला सांगितली होती.

"थे पोट्टी उतरली तं माहा मेहबूब बी येईल, सोजरा."

सोजराबाईनं तिला चांगलं झापलं होतं. टीव्हीतल्या पोरीचा आणि मेहबूबचा काय संबंध, अक्कल गहाण टाकली काय, असं सगळं बोलून झालं. पण त्या रात्री तिलाही झोप लागली नाही, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. मेहबूब तिच्याही अंगाखांद्यावर वाढलेला. म्हणून मलकापुरात 'यान नंबर सात'च्या प्रेक्षकांचा मेळावा आहे, खुद्द कप्तानाचं काम करणारा नट मुंबईहून येणार आहे, असं गफ्फारनं छापील कागदावरून वाचून दाखवलं, तेव्हा ती लगेच तयार झाली. अमीरबीचे गुडघे एस.टी.च्या पायऱ्या चढायचे राहिले नव्हते. 'इचारून ये, आणि जे असंन थे खरं सांग,' एवढंच ती म्हणाली.

मेळावा मंगल कार्यालयात होता. दारात पुठ्ठ्याचं यान उभं केलेलं, त्याला लग्नातल्या लाईटच्या माळा. कॉलेजातली पोरं चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद अंगाला गुंडाळून आलेली, एकानं तर डोक्यावर चक्क पातेलं घातलेलं. सोजराबाईला हसू आलं, बरंही वाटलं. आपल्यासारखे वेडे आणखी आहेत म्हणायचं. शेजारच्या खुर्चीवर कोकिळा नावाची कॉलेजची मुलगी होती. सोजराबाईनं तिलाच आधी विचारलं, की बाई, शेवटी काय झालं?

"मावशी, मी बी थेच इचाराले आली," कोकिळा म्हणाली. "आमच्या इथं बी लाईन गेली होती."

मागच्या रांगेतल्यांनीही तेच सांगितलं. वरवट बकालहून आलेले दोघे तर म्हणाले, आमच्याकडे टीव्हीच जळाला. म्हणजे त्या वावटळीनं सगळ्या भागाचे लाईट घालवलेले आणि हा अख्खा हॉल शेवट ऐकायला आलेला. असू द्या. कप्तान तर येणारच होता. प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे होते. कोकिळानं सोजराबाईची चिठ्ठी लिहून दिली, तिनं ती स्वतः उठून डब्यात टाकली.

अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. आणि मग जे सुरू झालं ते सत्कार. मेळावा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष उकंडराव कापडवाले, मोठा हौशी माणूस, पण कोणाला नाराज करायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. कप्तानाचा सत्कार झाला. मग कार्यालय देणाऱ्याचा, मग मांडववाल्याचा, मग छापखानेवाल्याचा. एकाचं नाव राहिलं तर तो रुसून दाराशी जाऊन उभा राहिला, त्याला हाताला धरून आणला आणि त्याचा हार दुप्पट मोठा केला. ज्याचा सत्कार होई त्याला दोन शब्द बोलावेच लागत, आणि दोन शब्द कोणीच बोलेना. विज्ञानाचं महत्त्व पाच जणांनी सांगितलं. रजनीचं नाव एकानं काढलं नाही.

सोजराबाईचं डोकं तापायला लागलं. प्रश्नांचा डबा टेबलावर होता, त्याच्यावर एक गुच्छ ठेवला, मग दुसरा, मग डबा दिसेनासा झाला. तिनं दोनदा उभं राहून हात केला. दोन्हीदा एका स्वयंसेवकानं 'मावशी, बसा, नंतर' म्हणून खाली बसवलं. यायचं भाडं गेलं, दिवसाची तोड गेली, आणि इथं हारावर हार. घरी अमीरबी उंबऱ्यात बसून असेल, आणि ह्यांना छापखानेवाल्याचं कौतुक.

साडेतीनला उकंडरावांनी जाहीर केलं, की पाहुण्यांना गाडी गाठायची आहे, त्यामुळे वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द करावी लागत आहेत. मात्र शेवटचा एक सत्कार राहिला आहे, सर्वांत ज्येष्ठ प्रेक्षकाचा. सगळ्या हॉलनं मान वळवून पाहिलं आणि सोजराबाईला कळलं, की ती आपणच.

ती उठली ती तावातावानंच. स्टेजवर कप्तान उभा होता, टीव्हीत दिसे त्यापेक्षा बुटका, गळ्यापर्यंत झेंडूत बुडालेला. त्यानं तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. फोटोवाला इकडे बघा, इकडे बघा करत होता. तिनं तिकडे पाहिलंच नाही. तिनं कप्तानाची बाही धरली.

"रजनी उतरली का नाही, तेवढं सांगा मले."

कप्तान गोंधळला. मग खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "आजी, माझं काम अकराव्या भागातच संपलं. आम्हाला आमच्या संवादांपुरतीच पानं देतात. शेवटच्या रविवारी मी दौऱ्यावर होतो, शेवट मीसुद्धा पाहिला नाही."

तेवढ्यात फोटो निघाला, टाळ्या झाल्या आणि तिला हाताला धरून खाली उतरवलं.

परतीच्या एस.टी.त ती नारळ मांडीवर घेऊन धुमसत बसली. कोणावर चिडावं तेही समजेना. कप्तान भला माणूस, उकंडरावही भला. सगळे भले आणि कामाचा एकही नाही. घरी जाऊन सरळ सांगायचं ठरवलं तिनं, की बाई गं, कप्तानालाच ठाऊक नाही. खरं सांग म्हणाली होती ना, मग खरंच सांगायचं.

मोताळ्याला उतरली तेव्हा उन्हं अजून होती. स्टँडवर गफ्फार सायकल धरून उभा होता. त्याचा चेहरा पडलेला होता.

"मावशी, दुपारी जळगावचा एक व्यापारी आलता दुकानात," तो म्हणाला. "त्यायच्याकडे लाईट गेले नव्हते. थो आईसमोरच बोलून गेला, का छत्री उघडलीच नाही, पोट्टी गेली म्हणे. तवापासून आईनं पाणी घेतलं नाही."

सोजराबाई तरातरा चालू लागली. वाटेत गफ्फार आणखी काही सांगत होता, ते तिनं ऐकलं नाही. शाल पिशवीतून काढून तिनं दोन्ही खांद्यांवर नीट घेतली, नारळ हातात धरला आणि तशीच अमीरबीच्या दारात गेली.

अमीरबी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"उठ," सोजराबाई म्हणाली. "उतरली थे."

अमीरबी वळली. "जळगाववाला म्हणे..."

"जळगाववाल्याले काय समजते? डोळा लागला असंन त्याचा. मले खुद्द कप्तानानं सांगतलं, स्टेजवर. छत्री उशिरा उघडली, पण उघडली. हे शाल पाह्य, हा नारळ पाह्य. फोटो बी काढला."

अमीरबी उठून बसली. तिनं नारळ हातात घेतला, शेंडी चाचपली, शालीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. मग तिनं सोजराबाईच्या तोंडाकडे पाहिलं. गफ्फार दाराशी खाली मान घालून उभा होता.

"उतरली, तं मंग तू अशी रागात काऊन?"

"भाषणं लय होती," सोजराबाई म्हणाली.

 अमीरबीनं नारळ उशाशी ठेवला आणि गफ्फारला दोघींसाठी भाकर वाढायला सांगितलं.