इस्त्रीचा डाग पडलेलं पान

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे आणि माझी पाठ मोडलेली आहे. ती कशी मोडली हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी व्हायची नाही.

लोक मला पवित्र शास्त्र म्हणतात, कुणी बायबल म्हणतात. जन्म मात्र माझा साधाच. छापखान्यात माझी पानं दुमडली, जाड दोऱ्याने शिवली, वर काळं कापडी कव्हर डकवलं आणि कडांना लाल रंग दिला. पुढे चर्चच्या मंडळीतल्या एका नवरीला मी लग्नात भेट मिळालो. घरात नंतर सगळे तिला आई म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणतो.

तिचा नवरा फार लवकर गेला. लेक तेव्हा भिंतीला धरून उभी राहायला शिकत होती. आईने घरीच लोकांचे कपडे इस्त्रीला घ्यायला सुरुवात केली. टेबलाच्या एका टोकाला शर्टांची चळत असायची, दुसऱ्या टोकाला मी. माझ्यातलं स्तोत्रांचं एक पान तिने मनाशी घट्ट धरलं होतं. शांत राहा, घाबरू नकोस, देवाची वाट पाहा, अशा अर्थाचं. पण दोन्ही हात कामात गुंतलेले, मला उघडा धरणार कोण? मग घरातली दुसरी, जुनी इस्त्री ती माझ्या मधोमध ठेवायची. एकदा ती इस्त्री वापरल्यावर पुरती निवली नव्हती. पानावर होडीच्या आकाराचा तांबूस डाग उठला.

"घ्या, तुम्हालाही इस्त्री झाली!" आई मला म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

त्या काळात त्या पानाने तिला तारलं, मित्रांनो. तिची आसवं त्याच्यावर पडली आणि इस्त्रीच्या उबेने वाळली. मला त्याचा अभिमान वाटायचा. रोजच्या वजनाखाली माझी शिवण आतून उसवत होती, ते मात्र कुणाला दिसलं नाही.

लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला एक मुलगी झाली. आणि एक दिवस आईच्या काखेजवळ गाठ हाताला लागली.

"आई, डॉक्टरांना दाखवून येऊ."

"अगं, इस्त्री ओढून ओढून आलीय. तुझ्या नवऱ्याच्या शर्टांनी तर जीव काढलाय माझा."

"थट्टा नको. उद्या जायचं."

"मी विचारते आधी."

"कुणाला?"

"ज्याला विचारायचं त्याला."

आईची ती सवयच होती. काही अडलं की डोळे मिटून प्रार्थना करायची, मला पाठीवर उभं धरायची आणि हात सोडायची. उघडेल ते पान म्हणजे उत्तर. त्या दिवशी मी उघडलो तो डागाच्या पानावर. वाट पाहा. आईचा चेहरा निवला. काही आठवड्यांनी दुखू लागलं, तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच पान.

"देवाने डॉक्टर काय शोभेला केलेत?" लेक चिडून म्हणाली.

"बघ ना गं, दर वेळी तेच पान येतंय. माझा हातसुद्धा लागत नाही. ह्याहून स्पष्ट तो काय सांगणार?"

 शास्त्रापुढे लेकीचा आग्रह टिकेना. आणि मी? मला तोंड असतं तर ओरडलो असतो की हे उत्तर नाही, ही माझी तुटलेली शिवण आहे.

कित्येक महिन्यांनी लेकीने शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा मी आईच्या पिशवीत होतो. "इतके महिने काय करत होतात?" डॉक्टरीण बाई म्हणाल्या. आईने पिशवीवर नुसता हात ठेवला. बाई मग लेकीकडे वळल्या. "हा कॅन्सर घराण्यात उतरू शकतो. तुम्हीही तपासून घ्या."

आई गेली. लेकीने मला कपाटावर फेकलं आणि तपासायलाही गेली नाही. माझ्यावर धूळ बसली, कडा कसरीने खाल्ल्या. रागावलेल्या माणसाला दोष देता येत नाही, पण अंधारात पडून राहणं फार कठीण असतं.

एका दुपारी तिची चिमुरडी झोपली होती. लेकीने रद्दीत टाकायला मला खाली काढलं. हात निसटला आणि मी जमिनीवर उघडा पडलो. तेच पान. तिने मला मिटून उभं धरलं, सोडलं. तेच पान. पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. मग तिने त्या तांबूस डागावर बोट फिरवलं, टोकापासून रुंद बाजूपर्यंत, आणि मला उलटं करून माझी उसवलेली शिवण चाचपली.

मग तिने माझी पुढची पानं उलटली. काही अजून एकमेकांना चिकटलेली होती. ती नखाने सोडवत ती शुभवर्तमानातल्या एका बाईपाशी पोचली. वर्षानुवर्षं आजारी असलेली ती बाई गर्दीतून वाट काढत स्वतः पुढे गेली आणि तिने प्रभूच्या वस्त्राला हात लावला, आणि ती बरी झाली.

"अजून पानं होती गं, आई," लेक म्हणाली. चिमुरडी जागी होईल म्हणून ती ओंजळीत तोंड धरून रडली.

आज मी दवाखान्याच्या बाकावर तिच्या मांडीवर आहे. आतून अजून हाक आलेली नाही. लेकीच्या तपासणीत काय निघेल, ते मलाही ठाऊक नाही. शेजारी चिमुरडी माझी लाल कड खरवडते आहे. माझी पाठ अजून त्या जुन्या पानाकडेच ओढ घेते, पण लेकीने अंगठा घालून मला दुसऱ्या पानावर धरून ठेवलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखा ग्रंथ तुमच्याही घरात असेल. त्याची धूळ झटका, शिवण सांभाळा. पण एवढ्यावर थांबू नका. मला फाशासारखं टाकू नका, वाचा. सुरुवातीपासून, सावकाश, एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत. आणि तुमची आई कधी एकाच पानावर थांबलेली दिसली, तर तिच्याजवळ बसा आणि पुढचं पान तुम्ही उलटा.