रिकाम्या माणसांचा वर्ग

कारंज्याच्या सूतगिरणीत ७४ साली कामगार-प्रशिक्षण आलं आणि वर्ग भरवायचं काम कारकून इंद्रभानच्या गळ्यात पडलं. वर्ग पुरा करणाऱ्याला एक लोखंडी आकडी मिळे. पिंजाईच्या नव्या मशीनमध्ये अडकलेला कापूस हातानं न काढता आकडीनं ओढायचा. प्रत्येक आकडीवर माणसाचा नंबर ठोकलेला. वर्गात बसल्याशिवाय आकडी नाही, असा नियम.

खात्यांनी माणसं पाठवली. उठवली तर काम अडणार नाही, अशीच. बागेतला गंगू, फाटकावरचा जानराव. दर महिन्याला तीच.

"साहेब, मले मशीन तोंडपाठ झाली," जानराव म्हणाला. "आता एकदा दाखवा तरी." त्याच्याकडे तीन आकड्या जमल्या होत्या. एकीला तो जेवणाचा डबा टांगायचा.

इंद्रभानला वर्गात एकच माणूस हवा होता. देवमन. आसेगावचा शेजारी, इंद्रभाननंच शब्द टाकून गिरणीत लावलेला. सबंध पाळी त्याच मशीनवर.

तो पिंजाईच्या मुकादमाकडे, हरिसिंग जॉबरकडे गेला. "देवमनले दोन दिवस सोडा."

"काहून? मशीन तुमी चालवता का?"

"वर्ग त त्याच्यासाठीच आहे ना."

"मंग मशीन बंद असन तवा घ्या."

मशीन बंद नसेच. मग इंद्रभाननं जानरावाची एक आकडी मागून देवमनला दिली. संध्याकाळी स्टोअरकीपरनं ती जप्त केली, कारण नंबर दुसऱ्याचा. इंद्रभानला मेमो मिळाला. टायपिंग सुबक होतं.

"जाऊ द्या दादा," देवमन म्हणाला. "आकडीपेक्षा माहा हात लवकर चालते."

पोळ्याच्या आठवड्यात हात तेवढा लवकर चालला नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली.

दीड महिन्यानं हरिसिंग स्वतः त्याला वर्गात घेऊन आला. "घ्या तुमचा देवमन. दोन काय, चार दिवस बसवा. रिकामाच हाय आता."

देवमन पहिल्या रांगेत बसला. फळ्यावरच्या मशीनच्या चित्राकडे पाहत योग्य त्या जागी मान डोलवत राहिला. "हो, अस्संच होते," एकदा म्हणालासुद्धा.

शेवटी इंद्रभाननं आकडी पुढे केली. त्यानं ती डाव्या हातानं घेतली, नंबर पाहिला. त्याचाच होता.

"मशीनवर कोण हाय आता, दादा?"

"धरमसिंग."

"त्याले कवा बसवता?"

इंद्रभाननं टेबलावरचा कागद उलगडला. पुढच्या वर्गाची यादी आलेली होती.

गंगू. जानराव. देवमन.