शाईनं लिहिलेली तारीख

मी ताईला कधी कुणावर विश्वास ठेवू दिला नाही, म्हणूनच ती बावीस वर्षं नाचू शकली, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते.

ताई नाचते आणि बाकीचं सगळं मी बघते. पत्रं, फोन, थिएटरच्या खेपा, दिवेवाल्याशी हुज्जत, छापखान्यात उभं राहून पत्रिकेतल्या चुका काढणं. ताई स्वभावानं भाबडी. कुणी हसून बोललं की तिला तो माणूस चांगला वाटतो. माझ्याशी कुणी हसून बोललं की मी आधी पर्सची चेन लागलीय का ते बघते. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे एकीनं भाबडं राहायचं ठरवलं की दुसरीला खाष्ट व्हावंच लागतं.

या वर्षी ताईच्या गुडघ्यांनी हात टेकले. सात महिने रांगेत थांबल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, त्यानंतर चालाल, जिने चढाल, पण नाच संपला. आधी एकदा नाचायचंच असेल तर लाकडी मंचावर नाचा. फरशीवर पाय आपटलेत तर मग माझ्याकडे येऊ नका. शहरात लाकडी मंच एकाच थिएटरला आहे. दुसरा एक हॉल आहे, नदीपलीकडचा, पण त्याचा मंच म्हणजे सिमेंटवर बसवलेली फरशी. तेव्हा ऑपरेशनच्या नऊ दिवस आधीची, लाकडी मंचाची ती एक संध्याकाळ, एवढंच आम्हाला हवं होतं. ती मिळाली. ताईनं सव्वादोनशे पत्रिकांवर स्वतःच्या अक्षरात पत्ते घातले. तिच्या पहिल्या विद्यार्थिनी, ज्यांच्या आता मुली नाचतात, त्या दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येणार होत्या.

आता त्या थिएटरविषयी. तिथे सतरा वर्षं जे व्यवस्थापक होते, त्यांना आम्ही सगळे कलाकार खोडरबर म्हणायचो. तारखांची वही ते पेन्सिलीनं भरायचे. कुणा बड्या मंडळींचा फोन आला की आधीचं नाव पुसायचे, फुंकर मारायचे आणि नवीन नाव लिहायचे. आम्ही तीनदा पुसलो गेलो. एकदा तर चार दिवस उरले असताना, आणि तेही आम्हाला छापखानेवाल्यानं सांगितलं. मी तणतणत गेले तर खोडरबर शांतपणे म्हणाले, पेन्सिल होती हो, पक्कं कुठे होतं? तेव्हापासून मी कानाला खडा लावला. लाकडी मंचाची तारीख घेतली की त्याच दिवसाची पलीकडच्या हॉलचीही घेऊन ठेवायची आणि सगळं सुरळीत आहे असं दिसलं की आठवडाभर आधी ती सोडून द्यायची. यातलं कुणाला काही सांगायचं नाही. ताईलाही नाही. हे खोटं बोलणं आहे असं मला वाटायचं नाही, याला मी व्यवहारज्ञान म्हणायचे.

मग खोडरबर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. पूर्वी थिएटरातच दिवे सांभाळायच्या, शिडीवर चढण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. त्यांनी पेन्सिल बंद केली. वही शाईची आणि टेबलावर उघडी, कुणीही यावं आणि पानं उलटावीत. खोलीत शिरायच्या व्हरांड्यात काचेचा फलक लावला, त्यावर महिन्याच्या सगळ्या तारखा आणि तारीख सुटली तर कोणाला मिळणार त्या प्रतीक्षायादीतली नावं. शिवाय करार. दोन प्रती, अठरा कलमं. मंच किती वाजता हातात मिळणार, दिव्यांना माणसं किती, फोटो कोण वापरणार, उशीर थिएटरमुळे झाला तर भरपाई काय. बाईंनी ती अठराच्या अठरा कलमं मला वाचून दाखवली आणि प्रत्येकानंतर विचारलं, काही शंका?

नववं कलम असं होतं की दोघांपैकी कुणालाही काही संशय आला तर आधी समोरच्याला विचारायचं आणि समोरच्यानं तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. मी ते दोनदा वाचलं. इतकं सरळ कुणी वागतं का? माझ्या मनात पाल चुकचुकली. करार घरी आणला, वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकांना दाखवला. ते म्हणाले, चांगला आहे, डोळे झाकून सही कर. डोळे झाकून म्हटल्यावर मला काकांचाही संशय आला. तरी सही केली, कारण लाकूड त्यांच्याकडे होतं. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते पलीकडच्या हॉलला फोन लावून त्याच दिवसाची तारीख धरून ठेवण्याचं. तिथले हॉलवाले काका नेहमीसारखं हो हो म्हणाले.

पुढचे दोन महिने मी थिएटरवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. भाजी आणायला जाताना वाट वाकडी करून फलक बघायचा आणि आमचं नाव आहे याची खात्री करून घ्यायची. कार्यक्रमाला सोळा दिवस उरले तेव्हा थिएटरची सुट्टी होती. जाळीचं दार ओढलेलं, कुलूप लावलेलं. रस्त्यावरून पाहिलं तर आमच्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवलेली. वरच्या आणि खालच्या ओळी ठळक अक्षरांत दिसत होत्या, मधे आम्ही नव्हतो. मी जाळीला नाक लावून उभी राहिले. पट्टीवर मुंग्यांसारखं काहीतरी बारीक होतं, ते काही वाचता आलं नाही. वाचायची गरजही वाटली नाही. बावीस वर्षांत एवढं तरी कळायला लागलं होतं.

राग आला, पण खरं सांगायचं तर त्यात थोडं समाधानही होतं. बघा, मी म्हणतच होते. आता यांनी आम्हाला काढलं हे ऐकायला त्यांच्या दारात जायचं नाही, आपणच आधी सोडायचं, असं मी चालता चालता ठरवलं. पलीकडच्या हॉलला फोन करून तारीख पक्की म्हणून सांगितलं. मग थिएटरला चार ओळींचं झोंबणारं पत्र लिहिलं, की आम्ही ही तारीख सोडत आहोत, आपला शाईचा देखावा आपल्याला लखलाभ. जाळीच्या दारातल्या पेटीत स्वतः टाकून आले. फरशीचं काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. चार गालिचे एकावर एक टाकू, एका संध्याकाळचा प्रश्न आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली. ताईला सगळं जमल्यावर सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून थिएटरचे तीन फोन आले. मला सारवासारव ऐकायची नव्हती. एकही उचलला नाही.

चौथ्या दिवशी मात्र राहवेना. आमच्या जागी कोणता बडा माणूस बसवला ते डोळ्यांनी बघावं म्हणून गेले. फलकावर आमच्या तारखेला बाहुलीवाल्याचं नाव होतं. हा बाहुलीवाला म्हणजे आमच्याचसारखा फाटका कलाकार, त्याच्या खेळाला पन्नास माणसं आली तरी तो खूश. याच्यासाठी आम्हाला पुसलं? मला काही कळेना. बाईंनी मला आत बोलावलं, बसवलं आणि ती काढलेली पट्टी माझ्यापुढे ठेवली.

त्यावर ताईचं पूर्ण नाव होतं. त्यापुढे बारीक अक्षरात: सकाळी आठ ते बारा मंचाची दुरुस्ती, मंच दुपारी एकपासून, त्याबदल्यात आदल्या संध्याकाळी सरावासाठी तीन तास जास्त. मजकूर वाढला म्हणून आख्खी ओळ नव्यानं लिहून चिकटवली होती. पुसलं काहीच नव्हतं.

बाई म्हणाल्या, तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस वाट पाहिली, नियम तसाच आहे. तीनदा फोन केला. मग यादीतलं पुढचं नाव लावलं. ऑपरेशनच्या आधीची दुसरी एकही संध्याकाळ मोकळी नव्हती, वही त्यांनी माझ्याकडे वळवली आणि मी पान न् पान बघितलं.

"मग त्या बाहुलीवाल्याचं नाव काढा ना," मी म्हणाले. "तो कुठे एवढा मोठा लागून गेलाय?"

बाईंनी पेनचं टोपण काढलं. "काढते," त्या म्हणाल्या. "पण मग पुढच्या वेळी तुमचंही काढीन. चालेल?"

मला खोडरबरांचं बोलणं आजवर इतक्या वेळा ऐकावं लागलं होतं, आता ते माझ्याच तोंडून आलं होतं. मान वर करवेना. बाहुलीवाला राजी असेल आणि सही देत असेल तर बदल करू, असं बाईंनी सांगितलं. त्याचा पत्ता मागितला तर आधी त्याला फोन करून विचारलं, देऊ का म्हणून. एरवी मी या शिष्टपणावर चार वाक्यं ऐकवली असती.

बाहुलीवाल्याची कामाची खोली एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे आहे. सरसाचा वास, दोरीला टांगलेली लाकडी डोकी, काहींना डोळे काढायचे राहिलेले. मी त्याला सगळं सांगितलं. ताईचे गुडघे, ऑपरेशन, पत्रिका. पलीकडचा हॉल तुम्ही घ्या म्हटलं, तुमच्या बाहुल्यांना फरशीचं काय. तो ऐकत राहिला आणि माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती माझ्या ओळखीची होती. मी स्वतः लोकांकडे तशीच बघते.

"यात तुमचा फायदा काय, ते नीट कळत नाहीये," तो म्हणाला. "तुम्हीच तारीख सोडली, तुम्हीच परत मागताय. कुणी पाठवलंय तुम्हाला?"

कुणी नाही म्हटलं. त्यानं ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. "मॅडम, त्या जुन्या माणसानं मला पाच वेळा पुसलंय. माझं नाव शाईनं लिहिलेलं पहिल्यांदाच बघतोय. मी नाही सोडणार."

त्याच्या जागी मीही सोडलं नसतं, म्हणून भांडले नाही.

घरी आले तेव्हा ताई खिडकीशी बसून गुडघे शेकत होती. मी सांगत गेले आणि ती शेकत राहिली. पट्टीचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं शेकायची पिशवी बाजूला ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाईंनी मला बोलावलं होतं. अनवाणी चालून बघा, कुठली फळी हलते ते सांगा म्हणाल्या. मीच दोन फळ्या दाखवल्या. त्याचीच दुरुस्ती होती ती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यातही काहीतरी काढलं असतंस. त्यांच्याशी भांडून आली असतीस. मला एकदा तरी सगळं चांगलं चाललेलं हवं होतं."

मला रडू आलं. ताईसमोर मी सहसा रडत नाही, तिला घाबरायला होतं. या वेळी ती घाबरली नाही, जवळही आली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, पलीकडचा हॉल तर आहे ना हातात? मग मी बसून करते. पाय नाही तर नाही, हात आहेत, चेहरा आहे, अर्धा तास लोकांना बघता येईल. पण त्या काकांशी मी बोलणार आणि सगळं खरं सांगणार. तिनं फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

ताईनं आमची सगळी कहाणी सांगितली. हॉलवाले काका अवघडले. ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुमची बहीण नऊ वर्षं माझ्याकडे दर वेळी तारीख धरते आणि आठवडाभर आधी सोडते. मागच्या वेळी तर पक्की म्हणून सोडली. आता मी तिला हो म्हणतो आणि तारीख दुसऱ्याला देऊन टाकतो. त्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलन आहे. तीनशे मुलं आहेत हो, त्यांना नाही म्हणता येणार नाही."

ताईनं त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, ती तशीच आहे. मग फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, लोकांना कळवायला हवं, निघतील ती बिचारी.

मी कागद घेतला. अशा वेळी सगळे लिहितात तेच हातातून उतरलं, काही अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द करावा लागत आहे, तसदीबद्दल क्षमस्व. ताईनं वाचलं.

"यात अपरिहार्य काय होतं?" तिनं विचारलं.

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं, की ताईचा शेवटचा कार्यक्रम होणार नाही. थिएटरनं तारीख दिली होती आणि शेवटपर्यंत पाळली होती. ती मी सोडली, थिएटरला न विचारता आणि ताईला न सांगता. खाली माझी सही केली. वकीलकाकांच्या ऑफिसातून सव्वादोनशे प्रती काढून आणल्या, पत्ते घातले. दोन दिवस लागले. ताई शेजारी बसून पाकिटं चिकटवत होती.

सगळं झाल्यावर गठ्ठे घेऊन मी टपालपेटीत टाकायला उठले. ताई म्हणाली, राहू दे, मी जाते. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ती उठली, माझ्या हातातून गठ्ठे घेतले, दाराशी थांबली, आणि जिना उतरण्याआधी पाकिटं मोजून पाहिली.