फेस येतोय म्हणजे गुण येतोय

डेस्मंड ट्रेविनने उभ्या आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःहून सांगत असे, त्यामुळे त्याला जेवायला फारसं कुणी बोलावत नसे. सरकारी कचेरीत त्याने नोकरीभर ट्रेलरच्या मागच्या दिव्यांचे नियम लिहिले. निरोपाच्या भाषणात साहेबांना ते दिवे पुढचे की मागचे हेसुद्धा आठवेना. असा हा माणूस सत्तरीला टेकला असताना घरात गांजा पिकवत होता, आणि तोही नियमाला धरून.

ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरात माणशी दोन झाडं चालतात, घरात मिळून चार. दिवे लावून वाढवायची नाहीत, हीटरची ऊब द्यायची नाही, विकायची नाहीत आणि विकतही आणायची नाहीत. डेस्मंडने तो कायदा तीनतीनदा वाचला आणि त्यातली वाक्यरचना आपण असतो तर कशी सुधारली असती, हे बायकोला समजावून सांगितलं. लॉर्ना म्हणाली की तिला वाक्यरचना नकोय, झोप हवीय.

खरी गोष्ट तीच होती. मागे तिला नागीण झाली होती. फोड गेले, पण डाव्या बरगडीखालची आग गेली नाही. कपडा घासला तरी ती दचकायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी आणि अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. मग गेल्या वर्षी दोघांनी पहिल्यांदा झाडं लावली. फुलोरा वाळवला, लोण्यात मंद आचेवर शिजवला आणि त्या लोण्याची ओट-खोबऱ्याची बिस्किटं केली. अर्धं बिस्किट खाऊन लॉर्ना सकाळपर्यंत झोपली. डेस्मंडला त्या दिवशी जे वाटलं ते ट्रेलरच्या नियमावर मंत्र्यांची सही झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता त्या बिस्किटांचा डबा तळाला गेला होता, आणि यंदाची लागवड उशिरा झाली होती. त्याचं कारण डेस्मंडच. कुठली माती पाणी किती धरते याचा अभ्यास करण्यात त्याने बी पेरायचा महिना घालवला. त्यामुळे एप्रिल संपत आला, म्हणजे तिथला हिवाळा तोंडावर आला, पहाटेचं गवत हिमाने पांढरं व्हायला लागलं, तरी फुलोरा अर्धकच्चाच. बाहेर ठेवली तर झाडं गारठून मरणार. पीक गेलं तर विकत कुठे मिळणार नाही, म्हणजे लॉर्नाचा अख्खा हिवाळा छताकडे बघण्यात जाणार. म्हणून चारही कुंड्या घरात आल्या.

दिवा लावायचा नाही म्हटल्यावर उन्हाच्या मागे जाणं आलं. डेस्मंडने कचेरीच्या लिलावातून पूर्वी कधीतरी घेतलेली चहाची ढकलगाडी बाहेर काढली. सकाळी कुंड्या पाहुण्यांच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीपाशी, दुपारी जेवणघरात उत्तरेच्या (तिकडे दुपारचं ऊन उत्तरेकडूनच येतं), तिसऱ्या प्रहरी कपडे धुवायच्या खोलीत पश्चिमेच्या. एक चाक वाकडं होतं, त्यामुळे गाडी दर वेळी त्याच दाराच्या चौकटीला धडकायची. चार झाडांना घर दाखवत फिरणाऱ्या आपल्याला कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचार त्याच्याही मनात येई. पण नियम म्हणजे नियम.

लॉर्नाने आणखी एक नियम घातला होता. दोन झाडं त्याची, दोन तिची, आणि एकमेकांच्या कुंडीत कुणी काही घालायचं नाही. गेल्या वर्षी डेस्मंडने चारही झाडांवर इतके प्रयोग केले होते की ती जगली हेच नवल. त्याने नियम मान्य केला, उलट तोच तिलाही लागू आहे असं ऐटीत बजावलं.

घरात आल्यावर आठवड्याभरात झाडांनी माना टाकल्या. मातीवर बारीक चिलटं उडायला लागली, आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्याला कुजका वास यायला लागला. डेस्मंडने रात्रंदिवस वाचन करून निदान केलं: मूळकूज. मुळं पाण्यात बुडाली, त्यांना हवा मिळेना. कारण उघड होतं, त्याने पाणी जास्त घातलं होतं. पण हे कारण त्याने वाचनाच्या ओघात मागे टाकलं. इंटरनेटवरच्या जाणकारांनी उपाय सांगितला होता हायड्रोजन पेरॉक्साइडचा. जखम धुवायला औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळतं तेच. लिटरभर पाण्यात दोनचार चमचे मिसळायचं आणि मुळाशी ओतायचं. त्यातून प्राणवायू सुटतो, मुळांना हवा मिळते, कुजवणारे जंतू मरतात.

त्याने आपल्या दोन कुंड्यांत ते पाणी ओतलं. मातीतून चुरचुर आवाज आला आणि पांढरा फेस वर आला. डेस्मंड गुडघे टेकून कान लावून ऐकत बसला. एवढा फेस म्हणजे एवढा रोग, आणि एवढा रोग म्हणजे आपण किती वेळेवर पोचलो, असं गणित त्याच्या डोक्यात झटक्यात जमलं. फेस येतोय म्हणजे गुण येतोय, असं तो स्वतःशीच म्हणाला. शास्त्राचा आणि त्याचा संबंध शाळेतच तुटला होता, त्यामुळे आडवं येणारं कुणी नव्हतं.

मग त्याची नजर लॉर्नाच्या दोन कुंड्यांवर गेली. त्याही मलूल होत्या. ती बाजारात गेली होती. डेस्मंडने थोडा वेळ नियमाचा विचार केला. नियम झाडं मारण्यासाठी केलेला नव्हता, तेव्हा झाडं वाचवण्यासाठी तो मोडणं हे नियमाच्या हेतूला धरूनच आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. असला युक्तिवाद कुणी ट्रेलरवाल्याने त्याच्यापुढे केला असता तर त्याने त्याला दंड केला असता. त्याने ओतलं. तिच्या कुंड्यांत तर दुप्पट फेस आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. रोग हटवादी होता. त्याने चमचे वाढवले, मग चमचा ठेवून कप घेतला. आजारी माणसाला औषधानंतर चांगलंचुंगलं खायला घालतात, म्हणून वर फुलोरा वाढवणारं खतही दिलं, डब्यावर लिहिलं होतं त्याहून मूठभर जास्त. पानांची टोकं तपकिरी होऊन वळली. डेस्मंडला ती औषध लागू पडल्याची खूण वाटली. त्या दिवसांत त्याला सगळंच तसं वाटत होतं.

लॉर्ना मात्र झाडांकडे बघत बसायची. तिचा हात नकळत बरगडीकडे जायचा. डेस्मंड विचारायचा, "दुखतंय का?" ती म्हणायची, "बरं आहे." तो गरम पाण्याची पिशवी आणायचा. ती नको म्हणाली की गारवा देणारी आणायचा. मग नवं मलम, मग उशी, मग दुसरी उशी. एकदा तिने सरळ विचारलं की माझ्या कुंड्यांत तू काही घालतोस का. डेस्मंड नाही म्हणाला, आणि लगेच उठून तिच्यासाठी चहा करायला गेला, जो तिने मागितला नव्हता.

शेवटी त्याने ही यशोगाथा कुणाला तरी सांगायचं ठरवलं. पलीकडे झ्देन्को राहायचा. क्रोएशियातून आलेला म्हातारा फरशीवाला, टोमॅटोचा बादशहा. कुंपणाजवळच्या जुन्या बाथटबमध्ये त्याने गांडुळं पाळली होती, आणि नातवंडांपेक्षा त्यांच्याबद्दल तो जास्त बोलायचा. डेस्मंडने कुंपणावर कोपर टेकून पेरॉक्साइडचा महिमा सांगितला. फेसाचं वर्णन करताना त्याने हातांनी उंचीही दाखवली.

झ्देन्कोने हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"थांब. साध्या मातीत एवढा फेस येत नाही. जिवंत काहीतरी सापडलं की ते असं उसळतं. तू त्यात काय घालतोस?"

"मी काहीच नाही."

"तू नाही. तुझी बायको." झ्देन्कोला आता हसू आवरेना. "अरे बाबा, रोज माझ्याकडून गांडूळपाण्याची बाटली घेऊन जाते ती. झाडं बसलीत म्हणते, जोर येऊ दे. परवापासून दोन नेते. ते पाणी म्हणजे नुसते जीव असतात रे, मातीला जिवंत करणारे. ती सकाळी जिवंत करते, तू दुपारी मारतोस. आणि वर बसून टाळ्या वाजवतोस."

तो कुंपण धरून हसत राहिला. त्याचं हसणं संपण्याची वाट न बघता डेस्मंड घरात गेला. आधी त्याला भलताच आनंद झाला होता: म्हणजे लॉर्नाने नियम मोडला होता. त्याच्या कुंड्यांतही फेस येत होता, म्हणजे त्याच्या झाडांनाही ती गुपचूप पाजत होती. जेवणघराच्या दारापर्यंत हा आनंद टिकला. दारात त्याच्या लक्षात आलं की आरोपीला जाब विचारायचा तर साक्षीदाराने आपल्या हातात पेरॉक्साइडचा कप का होता हेही सांगावं लागेल.

लॉर्ना खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती, समोर चार कुंड्या. त्याने सगळं सांगून टाकलं, कपासकट.

"तुझी दोन झाडं आधी मरायला लागली होती," ती म्हणाली. "ती मेली असती तर तू महिनाभर तोंड पाडून बसला असतास. मला ते बघवलं नसतं. म्हणून घातलं."

"आणि मी तुझ्यासाठी."

"ते कळलं मला. कुणी मागितलं होतं?"



त्या दुपारी दोघांनी कुंड्या न्हाणीघरात नेऊन साध्या पाण्याने माती धुऊन काढली, खताचा खार निघून जाईपर्यंत. आणि ठरलं की आता कुणी काही घालायचं नाही. कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी, एरवी हात लावायचा नाही. डेस्मंडच्या आयुष्यात इतका अवघड नियम कुणी केला नव्हता. तो कुंड्यांभोवती घुटमळायचा, ताटली उचलून हुंगायचा, पुन्हा ठेवायचा. तपकिरी बाटली लॉर्नाने लपवली होती आणि ती कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, हा वेगळाच छळ. दोन झाडं गेली. उरलेल्या दोहोंपैकी एकाने मान वर केली, दुसऱ्याचा भरवसा नव्हता. फार तर एका बरणीपुरतं लोणी निघेल असं दिसत होतं.

एका दुपारी लॉर्ना जेवणघरातल्या सोफ्यावर येऊन बसली. चेहरा उतरलेला होता. डेस्मंड सवयीने उठला.

"बरं नाहीये का? पिशवी आणू? की ते नवं मलम..."

"बस खाली."

"मी फक्त एवढंच म्हणत होतो..."

"डेस. कुंडीसमोर बसतोस ना हल्ली, काही न करता? तसा बस."

तो शेजारी बसला. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून त्याने ते मांड्यांखाली घातले. लॉर्ना समोर बघत बोलायला लागली. तिला बरं नव्हतं, आणि कधीच नव्हतं. बिस्किटांनी आग थोडी कमी व्हायची, पण रात्रभर झोप लागली ती पहिल्या दिवशीच. नंतर ती नुसती डोळे मिटून पडायची.

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तू दर तासाला दारात येऊन बघायचास. मी जागी दिसले की काहीतरी घेऊन यायचास. मग ते लागू पडलं नाही की तुझा चेहरा पडायचा, आणि मला तुझी समजूत काढावी लागायची. दुखणं सोसणं जमतं रे मला. दुखणं सोसून वर तुला सोसणं जमत नव्हतं."

डेस्मंडला जे लागायचं ते लागलं. त्याच्या जिभेवर लगेच चार उपाय येऊन उभे राहिले, त्यातला एक तर खरोखरच चांगला होता. ऊनही कुंड्यांवरून सरकायला लागलं होतं, गाडी पश्चिमेच्या खिडकीकडे न्यायची वेळ झाली होती. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"खूप दुखतं का गं?" एवढंच त्याने विचारलं, आणि उठला नाही.

"खूप," लॉर्ना म्हणाली. तिने पाय वर घेऊन त्याच्या मांडीवर टाकले. ते गार होते. त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवले, चोळले नाहीत, कारण चोळणं हासुद्धा उपायच झाला असता.

कुंड्या सावलीत गेल्या. काही वेळाने लॉर्ना घोरायला लागली. ही झोप खरी आहे हे डेस्मंडला तेव्हा कळलं, कारण सोंग घेऊन पडलेली बाई इतक्या मोठ्याने घोरत नाही. निदान लॉर्ना तरी नाही, ती घोरते हे तिने आजवर कबूल केलेलं नव्हतं. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि पाय आहे की नाही हेच कळेना. त्याला बाथरूमला जायचं होतं. तो हलला नाही.