जबडा मायचा, निर्णय कोणाचा?

रंभाबाईंनी बाहेर जाणं सोडलं त्याला वर्ष होत आलं होतं. खालची कवळी हिरडीवर टिकेना. बहादरपूरच्या एका लग्नात बोलता बोलता ती सटकून थेट ताटात पडली आणि पंगतीतल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. तेव्हापासून कोणाचं बोलावणं आलं की रंभाबाईंचं एकच, "मी नाही येत, तुम्ही जा."

भूपेंद्र हा त्यांचा एकुलता मुलगा, बुऱ्हाणपुरात शिक्षक. वडील गेल्यावर त्यानं मायला निंबोल्याहून लोधीपुऱ्यातल्या आपल्या घरी आणलं होतं. तिचं असं कोंडून बसणं त्याला बघवेना. तो तिला दातांच्या डॉक्टर अश्विनींकडे घेऊन गेला.

तपासणी झाल्यावर मायला बाहेर बसवून डॉक्टरांनी त्याला एक्स-रे दाखवला. "दात पडून वीस वर्षं झाली, त्यात जबडा झिजलाय. कवळी पक्की धरायला दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचे छोटे स्क्रू, बसवता येतील. पण ते रोवायला पुरेसं हाडच उरलेलं नाही. आधी हाड भरावं लागेल."

"कशाचं हाड, मॅडम?"

"दात्याचं. माणूस गेल्यावर घरच्यांनी दान दिलेलं. ते तपासून, निर्जंतुक करून त्याचे बारीक दाणे बनवतात. त्यांच्या आधारानं मावशींचं स्वतःचं हाड तयार होतं. पाच-सहा महिने लागतात. घरी नीट समजावून सांगा त्यांना."

भूपेंद्रनं दाराबाहेर बसलेल्या मायकडे पाहिलं. मेलेल्या माणसाचं हाड, आणि मायच्या तोंडात! दारावरून प्रेत गेलं तरी अंगणात पाणी शिंपडणारी बाई ती!

घरी त्याची बायको निशा म्हणाली, "सांगूच नका. कॅल्शियमची पावडर भरणार म्हणा. भलं तर त्यांचंच होणार ना?"

त्यानं तसंच सांगितलं. "बरं," माय म्हणाली. "तू म्हणतोस तर ठीकच असेल."

त्या शब्दांनी त्याची झोप उडवली. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता त्याचा हात थांबायचा. उद्या हिला कळलं तर? भरलेलं हाड काही परत काढता येणार नाही! ती जेवणं सोडेल? आपल्याशी बोलणं सोडेल? घरी माय विचारायची, "दुखेल का रे?" आणि तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणायचा, "नाही, माय."

ठरलेल्या दिवशी बाहेरच्या बाकावर रंभाबाई पदर सावरून बसल्या होत्या. आत डॉक्टरांनी संमतीचा कागद काढला. "मावशींना सगळं सांगितलं ना, सर?"

भूपेंद्र अडखळला. "कॅल्शियम म्हणून सांगितलंय. फुकट टेन्शन घेईल ती. आपण करून टाकू ना!"

डॉक्टरांनी कागद मिटला. "मग आज काही होणार नाही."

"पण मॅडम, नाही म्हणाली तर?"

"तर नाही! कृत्रिम हाड मिळतं, किंवा त्यांच्याच हनुवटीतून थोडं घेता येईल का ते बघू. कशात काय फायदा, काय त्रास, तेही त्यांनाच सांगू. सर, त्यांचं वय झालंय, समज गेलेली नाही. फसवून मी सुईसुद्धा टोचणार नाही!"

भूपेंद्र बाहेर आला. मायजवळ बसून, खाली बघत, त्यानं सगळं सांगितलं.

रंभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुहा बाप इंदूरच्या दवाखान्यात वारला, तवाही तुम्ही मले 'तब्येत ठीक आहे' म्हणत होते. दोन दिवस! मी इकडे त्यांच्यासाठी डबा बांधून ठेवत होते. आज पुन्हा तेच केलं तू!"

भूपेंद्रच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतक्या वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती.

रंभाबाई उठून स्वतःच आत गेल्या. "डॉक्टरीणबाई, ज्याचं हाड आहे त्याच्या घरच्यांनी राजीखुशीनं दिलं ना?"

"हो मावशी, लेखी संमतीनं."

"नाव काय त्याचं?"

"ते आम्हालाही कळत नाही."

"मले चार दिवस द्या."

ते चार दिवस भूपेंद्रला फार जड गेले. माय त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. चौथ्या दिवशी सकाळी ती त्याला राजघाटावर घेऊन गेली. तापीच्या पाण्यात उभं राहून तिनं त्या अनोळखी माणसाच्या नावानं ओंजळभर पाणी सोडलं. वर आल्यावर म्हणाली, "त्यानं राजीखुशीनं दिलं, मी राजीखुशीनं घेते. चाल."

डॉक्टरांकडून तिनं कागदाची ओळ न ओळ वाचून घेतली. दोनदा प्रश्न विचारले. मग सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. भरलेलं हाड धरलं, आणि सहा महिन्यांनी त्यात रोवलेले इम्प्लांटही पक्के बसले. कवळी आता सटकत नाही, आणि लग्नाचं बोलावणं आलं की रंभाबाई नाही म्हणत नाहीत.

वाचकहो, मरणानंतर हाड देणारा आणि ते घेणारा, दोघांत विटाळ कुठे आहे? विटाळ असलाच तर तो आपल्या खोटेपणात आहे. म्हाताऱ्या माणसांना झेपणार नाही म्हणून आपण त्यांच्याच देहाची गोष्ट त्यांच्यापासून लपवतो आणि त्याला माया म्हणतो. भूपेंद्र आता तसं म्हणत नाही. तो आधी मायला सांगतो, मग तिचं उत्तर ऐकतो, ते नकाराचं असलं तरी!