घरातल्या पुरुषाला विचारून

ऑर्डरी रद्द होत होत्या आणि मी दोष माझ्या वेबसाइटमध्ये शोधत होते.

सेतुमाधवमामांचं हार्डवेअरचं दुकान दक्षिण वीदी या रस्त्यावर आहे. वेबसाइट मीच करून दिली. त्याआधी आठवडाभर दुकानातल्या स्टुलावर बसून नुसती बघत राहिले. पुरुष यायचे, वस्तूचं नाव फेकायचे, माल घेऊन जायचे. बायका बाजूला थांबायच्या. त्यांना नाव ठाऊक नसायचं. ‘दार लावलं की खाली बसतं ते’ असं हातांनी दाखवायच्या आणि दुकानातले हसायचे. म्हणून साइटवर मी नावं मागितलीच नाहीत. एक घर काढलं. बिघाड असेल तिथे बोट ठेवायचं, नळावर, बिजागरीवर, मोटारीवर. त्या जागेचे सुटे भाग चित्रांसकट समोर येतात, तमिळमध्ये, मोठ्या अक्षरांत. पैसे फोनवरून भरायचे, पार्सल गावच्या बसमधून जातं. कुणाला काही विचारावं लागत नाही.

पण तिरुवैयारु, पापनाशमकडच्या गावांतल्या ऑर्डरी रद्द दिसायला लागल्या. मी एमएस्सी फिजिक्सची. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हे अंगात मुरलेलं. बटण मोठं केलं. रंग बदलला. स्वस्तातल्या फोनवर पान उघडून पाहिलं. काही फरक पडला नाही. मग रद्द झालेल्या ऑर्डरींवरची फक्त नावं वाचली. सगळी बायकांची होती.

शेवटची ऑर्डर अखिला नावाच्या बाईची, पापनाशमच्या पुढच्या खेड्यातली. दाराला आतून लावायच्या दोन कड्या आणि स्क्रू. मी तिला फोन केला.

“वेबसाइट मी केली. ऑर्डर देताना कुठे अडलं का, एवढंच विचारायचं होतं.”

“अडलं नाही. सोपं होतं.” तिचा आवाज अगदी खाली होता. “पण तुम्ही त्याला का सांगितलंत?”

“कुणाला?”

“दिराला. दुकानातून फोन आला त्याला, कड्या पाठवायच्या का म्हणून. ज्याच्यामुळे हव्या होत्या त्यालाच विचारलंत.”

नवरा गेल्या वर्षी वारला, ती सांगत होती. ती आणि मुलगी मागच्या खोलीत, दीर पुढच्या भागात. फोन आल्यावर त्याने दाराला होती ती जुनी कडीपण काढून नेली. दुरुस्त करून आणतो म्हणाला.

मला राग आला की माझ्या हालचाली हळू होतात. मी केस बांधले, गॅस बंद आहे ना ते पाहिलं, चपला घातल्या आणि दुकानात गेले.

ऑर्डरी शेषाद्री बघतो. दुकानातला जुना माणूस. तो खिळे तोलत होता.

“अखिलाच्या घरी फोन कुणी केला?”

“मीच, अक्का. बाईमाणसाची ऑर्डर आली की घरातल्या पुरुषाला विचारून घेतो. अण्णांनीच सांगितलंय.”

अण्णा म्हणजे मामा. ते गल्ल्यावरून म्हणाले, “काय गे वसू, चुकलं काय त्यात? बायका काहीबाही मागवतात, मग घरचा माणूस येऊन माझ्यावर ओरडतो. त्या घराला आपण कधीपासून सिमेंट देतो. त्याचा नंबर होता, विचारलं.”

“तिने पैसे भरले होते.”

“परत केले की. आपण लबाड थोडेच आहोत.”

“आणि अक्का,” शेषाद्री म्हणाला, “आतून लावायच्या कड्या, त्यापण दोन. बाई असल्या कड्या मागवते म्हणजे घरात काहीतरी भानगड. आपण कशाला मध्ये पडा?”

“म्हणजे तुला कळलं होतं.”

“कुणालाही कळेल.”

“कळलं, आणि तू त्यालाच फोन केलास.”

“मग कुणाला करू? घरात दुसरं आहे कोण?”

एक गिऱ्हाईक हसलं. मामाही हसले. “फिजिक्स शिकलीस, धंदा नाही शिकलीस. तू चित्रं काढ, पुढचं आम्ही बघतो. तू तो नळ मागवलास तेव्हा रमणला विचारूनच पाठवला की. तो नाही म्हणाला का?”

रमण माझा नवरा. नळ मी साइट तपासायला मागवला होता. वेळेवर आला म्हणून खूश झाले होते. रमण मला काहीच बोलला नव्हता. त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नसणार.

“दोन कड्या द्या,” मी म्हणाले. “लांब स्क्रू. आणि बॅटरीवरचा ड्रिल, संध्याकाळी आणून देते.”

“कशाला?”

मी ड्रिल पिशवीत टाकला. कड्यांचे पैसे गल्ल्यावर ठेवले.

पापनाशमच्या बसमध्ये फोनवरच वेबसाइट उघडली आणि ऑर्डरच्या बटणावर एक ओळ घातली, इतर अक्षरांएवढ्याच मोठ्या अक्षरांत: ‘हे बटण बाईने दाबलं, तर दुकान तिच्या घरातल्या पुरुषाला फोन करून विचारतं.’ बटण दाबल्यावर काय होणार, ते दाबणारीला आधी कळलं पाहिजे. ते कळत नसेल, तर माझी सगळी चित्रं फसवणूक होती.

अखिलाच्या घरी पोचले तेव्हा दीर ओट्यावर बसला होता.

“दुकानातून आले. कड्या बसवायला.”

“मी नको म्हणून सांगितलं होतं.”

“हो, कळलं मला,” मी म्हणाले आणि बाजूच्या बोळातून मागे गेले.

अखिला माझ्यापेक्षा लहान निघाली. तिने दार घट्ट धरून ठेवलं. जुन्या कडीची भोकं मोठी झाली होती, म्हणून मी वर नवी पाडायला घेतली. दीर मागून आला. घर कुणाचं, दार कुणाचं, हे सगळं तो सांगत होता. ड्रिलच्या आवाजात ऐकू येत नाही असं मी दाखवलं. सगळं ऐकू येत होतं. आवाजाने शेजारच्या दोघी कुंपणापाशी आल्या, मागून आणखी एक आजी आली. त्यांना पाहून तो गप्प झाला. भोक केव्हाच पडलं होतं. मी ड्रिल चालूच ठेवला.

वरची कडी बसली तेव्हा मामांचा फोन आला.

“ती ओळ काढ आधी. लोक फोन करून विचारतायत, खरं का म्हणून.”

“मग काय सांगितलंत?”

“वसू, मी तुझा मामा आहे.”

“बायकांच्या घरी फोन करणं बंद करा. त्या दिवशी काढते.”

“आणि नाही केलं तर?”

“तर राहू दे. वाचून ठरवतील त्या.”

ते बोलतच होते. मी फोन बंद करून पिशवीत टाकला. अखिलाने दार लोटलं, कडी सरकवून पाहिली, परत उघडली.

“खालचीपण बसवा,” ती म्हणाली. ते तिने दिराकडे बघत म्हटलं.