दंडावरचे निळे डाग

चादरीची दोन टोकं सुनेच्या हातात, दोन सासूच्या. दोघींनी ती ताणून झटकली तशी सुनेची सैल बाही खांद्यापर्यंत मागे सरकली. दंडावर चार निळे डाग होते.

"हे काय गं?"

"कुठे काय? आपटलं असेल कुठेतरी."

सासूने घडी घातली ती वाकडी झाली, तशीच फळीवर ठेवून दिली. लाँड्री चालवण्यात तिचे केस पिकले होते. डाग कशाचा, किती जुना, हे ती नुसतं बघून सांगायची. आणि 'आपटलं असेल' हे उत्तर तर तिने स्वतः वर्षानुवर्षं दिलं होतं, शेजारणींना, भावाला, आणि तिच्या हातावर फुंकर घालणाऱ्या लहानग्या मुलालाही.

तोच मुलगा संध्याकाळी बस डेपोत लावून घरी आला. स्वभावाने गरीब गाय. पण चारचौघांत त्याचा बापही गरीब गायच होता. तिने त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"बायकोवर हात उगारतोस?"

"मी? आई, अगं काय बोलतेस..."

पुढचं ऐकायच्या आत तिने त्याच्या कानफटात लगावली. सून मध्ये पडली, रडली, शपथा घेऊ लागली. अशा शपथा किती खऱ्या असतात ते सासूला चांगलं ठाऊक होतं. त्या रात्रीपासून सासूने सुनेला आपल्या खोलीत झोपवलं, आतून कडी लावून. मुलगा बाहेरच्या बाकावर. त्याने वाद घातला नाही, फक्त आईशी बोलणं सोडलं.

डाग मात्र उठतच राहिले. कडीच्या आत, तिच्या डोळ्यांदेखत. पोटरीवर, पाठीवर. मग एका सकाळी दात घासताना सुनेच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं ते थांबेचना. सासूने कडी काढून मुलाला हाक मारली आणि दोघांनी तिला इस्पितळात आणलं.

"रक्तात प्लेटलेट्स असतात," डॉक्टरबाई तपासणीचा कागद बाजूला ठेवून म्हणाल्या. "कुठे फुटलं की त्या धावत जाऊन भोक बुजवतात. हिच्या शरीरातल्या अँटिबॉडीजनी जंतूंशी लढायचं, तर त्या स्वतःच्याच प्लेटलेट्सवर तुटून पडल्यात. फारच थोड्या उरल्यात. म्हणून कुणी बोट न लावताही डाग उठतात. औषधाने बहुतेकांना गुण येतो, पण इतके दिवस थांबलात कशाला? आत कुठे रक्तस्राव झाला असता तर?"

मुलाने आईचं नाव घेतलं नाही. "लक्षात नाही आलं," एवढंच तो म्हणाला. सासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कधी एखाद्या संसर्गानेही हे होतं. घरात आणखी कुणाला असे डाग उठायचे?"

सासूने नकारार्थी मान हलवली.

"आईला उठायचे की!" मुलगा एकदम म्हणाला. "मी लहान होतो तेव्हा. हातावर, पाठीवर. बाबा किती काळजी करायचे, मलम आणून द्यायचे." कित्येक दिवसांनी तो आईकडे वळला, त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तुलाही हेच असणार. तेव्हा कुणाला कळलंच नाही गं."

त्याचा चेहरा निवळला होता. सगळा राग कुठल्या कुठे पळाला होता. पलंगावरून सून सासूकडे बघत होती आणि तिला काय कळायचं ते कळलं होतं.

"तुमचंही रक्त तपासू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजून उठतात डाग?"

"नाही."

"कधीपासून बंद झाले?"

आठवत नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. मुलगा परत मिळाला होता, आणि मुलाचा बापही त्याच्या मनात होता तसाच राहिला असता. तिने सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"ह्याचे वडील गेले तेव्हापासून," ती म्हणाली.

मुलाने तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही, पण तो आता तिला फार जड वाटू लागला.